पंचवीसपट आणि चौदा दिवस

आमच्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत, ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असे : ‘बोटीवर असतो.’ एवढ्यात सगळं आलं. पगार आला, महिनोन् महिने घरी नसणं आलं, सुटीत आणलेला टेपरेकॉर्डर आला आणि चिरेबंदी घराचा अर्धवट चौथराही आला. माझे अब्बा असेच बोटीवर होते. जमिनीवरचं घर पुरं व्हावं म्हणून माणूस आयुष्यभर पाण्यावर राहिला.

आज माझ्या बहिणीला कोणी विचारलं, तर तीही म्हणते, ‘मुलगा बोटीवर असतो.’ पण म्हणताना तिचा आवाज जरा खाली जातो. कारण हा माझा भाचा बर्मिंगहॅमला कॉम्प्युटरवर काम करतो आणि बोटीवर असतो तो नोकरीसाठी नव्हे, राहायला! भाड्याचं घर सोडून त्यानं कालव्यातली एक जुनी पोलादी होडी विकत घेतली. पंचेचाळिशीपर्यंत पोटासाठी नोकरी करण्याच्या सक्तीतून सुटायचं, असा त्याचा बेत आहे. बहीण मला म्हणाली, ‘भाईजान, एकदा बघून या. पोरगा नीट आहे ना, आणि हिशेब तरी बरोबर आहे ना.’

२०१९च्या मे महिन्यात मी नऊ दिवस त्या होडीवर राहून आलो. खरं सांगायचं तर मला स्वतःलाही तो हिशेब हवा होता. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून मी कचेरीतल्या खणात ठेवला होता. नोकरी सुटली की भरपूर कविता लिहीन, अशी माझी समजूत होती.

पहिल्या रात्री भाच्यानं कागदावर आकडे मांडले. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन अर्थसल्लागारानं १९९४ साली जुनी आकडेवारी तपासून एक अंदाज मांडला. साठवलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी शंभराला चार काढले आणि पुढं महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर ती रास साधारण तीस वर्षं पुरते. उलट करून पाहा : वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रास जमली की माणूस सुटला. बेंगेनचे आकडे अमेरिकेतले, आणि तीसच वर्षांचे. पंचेचाळिशीत सुटणाऱ्याला तीस वर्षं पुरतील का, हे मी विचारलंच. ‘म्हणून तर थोडी जास्तच धरतोय, मामू,’ तो म्हणाला.

यात होडी कुठं येते? समजा, घरभाडं महिन्याला हजार पौंड. म्हणजे वर्षाला बारा हजार. पंचवीसपटीच्या हिशेबानं नुसतं भाडं भरत राहायला तीन लाख पौंडांची रास हवी. भाडं गेलं की तो तीन लाखांचा डोंगरच समोरून हटतो. शिवाय वाचलेले बारा हजार शिल्लकीत पडतात ते वेगळेच. खर्च कमी करण्याला असा दुहेरी गुण असतो. पगारवाढीला तो नसतो.

पण पाण्यावर फुकट काही नाही. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे २०१२पासून ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था सांभाळते. तिचा वार्षिक परवाना, होडीचा विमा, चार वर्षांनी सुरक्षिततेची तपासणी, डिझेल, कोळसा, गॅस, आणि दर दोन-तीन वर्षांनी होडी कोरड्यावर काढून बुडाला डांबरी लेप. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, तसाच हा सोहळा. फक्त बिल पौंडांत येतं.

खरी गोम आहे ती १९९५च्या कायद्यात. होडी बांधायला कायमची जागा हवी असेल तर तिचं वेगळं भाडं मोजायचं, आणि मोठ्या शहरांजवळ ते बरंच असतं. ते नको असेल तर होडी खरोखर फिरती ठेवायची. एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. २०२४पासून अशा फिरत्या होड्यांच्या परवान्यावर अधिभारही लागला आहे. भाचा फिरता आहे. म्हणजे त्याचं घर दर पंधरवड्याला गाव बदलतं. आज कचेरी सायकलनं वीस मिनिटांवर, तर पुढच्या महिन्यात बस आणि आगगाडी. डॉक्टरकडं, बँकेत पत्ता काय लिहायचा, हा प्रश्न वेगळाच.

आम्ही एक शनिवार टार्डबिगला घालवला. तिथं सव्वादोन मैलांत तीस लॉक आहेत, ब्रिटनमधली सर्वांत लांब रांग. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. होडी आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, हातातल्या लोखंडी दांड्यानं झडपा उघडून पाणी भरायचं, होडी वर आली की पुढचे दरवाजे ढकलायचे. असं तीस वेळा! संध्याकाळी माझे खांदे माझे राहिले नव्हते. त्या दिवशी भाच्यानं दुसरं काहीही केलं नाही. एरवीच्या सुटीतही पाणी भरून आणायचं, संडासाची टाकी रिकामी करून आणायची, इंजिनाचं तेल बदलायचं. त्याला सुतारकामाची हौस. लहानपणी आमच्या पडवीत रंधा घेऊन बसायचा. होडीची रुंदी सात फुटांनाही जराशी कमी. तिथं रंधा मारायला हात कुठं फिरणार? पहिलं वर्षभर त्याची हत्यारं पलंगाखालीच होती. होडी हीच त्याची हौस होऊन बसली होती, आणि हौस म्हणून त्यानं ती निवडलेली नव्हती.

त्याच टार्डबिगला वरच्या लॉकपाशी एक छोटं स्मारक आहे. एल. टी. सी. रोल्ट हा शिक्षणानं इंजिनिअर. १९३९ साली पत्नी अँजेलासह ‘क्रेसी’ नावाच्या लाकडी होडीवर राहायला गेला. लिहून पोट भरायचं, हा त्याचा बेत. लगेच महायुद्ध आलं आणि गृहस्थाला नोकरी धरावी लागली. टार्डबिगला त्याची होडी पाच वर्षं उभी होती. ‘नॅरो बोट’ हे त्याचं पुस्तक छापून यायला १९४४ उजाडलं. ते वाचून रॉबर्ट ऐकमन त्याला तिथं भेटायला आला आणि १९४६ साली कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. १९५१पर्यंत होडीचं लाकूड जीर्ण झालं. रोल्ट जमिनीवर परतला, आणि अँजेलानं भटकंती सोडायची नाही म्हणून सर्कशीत काम धरलं! ब्रुनेल, टेलफर्ड, स्टीव्हन्सन या इंजिनिअरांची त्याची गाजलेली चरित्रं त्यानंतरची, पक्क्या घरात बसून लिहिलेली. हे वाचून माझा हिशेब थोडा डगमगला, हे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट तिथं कळली. या होड्यांवर कुटुंबं राहू लागली ती हौसेनं नव्हे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेनं मालवाहतुकीचे दर पाडले, नावाड्यांना काठावरच्या घराचं भाडं परवडेना. मग बायकापोरं जेमतेम दहा फुटांच्या कोठडीत आली. १८७७ आणि १८८४ साली त्यांच्यासाठी कायदे करावे लागले. भाडं वाचवायला पाण्यावर जाणं तेव्हाही होतं. फरक एवढाच, की नावाड्याला परत फिरायला वाट नव्हती. अब्बांनाही नव्हती. भाच्याला आहे, म्हणून त्याच्या साधेपणाचं मी कौतुक करतो, पण त्याला फकिरी म्हणत नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, ‘तुझ्या कागदावर पैशाचा रकाना आहे, तासांचा नाही. तो घाल.’ घातला, तर होडीसाठी आठवड्याला नोकरीच्या दीड दिवसाएवढे तास जात होते. भाडं गेलं नव्हतंच. तो ते शनिवार-रविवारनं भरत होता. सहा महिन्यांनी त्यानं साहेबांशी बोलून चार दिवसांची नोकरी मागून घेतली. पगार पाचव्या हिश्शानं घटला, सुटकेची तारीख काही वर्षं पुढं गेली. पण शुक्रवार मोकळा झाला : सकाळी होडी हलवायची, दुपारी जुम्याची नमाज, आणि शनिवारी काठावरच्या पायवाटेवर घडवंची मांडून सुतारकाम. येणारेजाणारे थांबून बघतात म्हणे.

घरी येऊन मीही माझ्या वहीत तासांचा रकाना आखला. आमच्या घरातून आधीच निकाल लागला होता : ‘रविवारी तरी कुठं लिहिता तुम्ही? मग रोज रविवार झाल्यावर काय लिहिणार?’ रकाना बघितला, तर रोजचे दोन तास प्रवासात आणि एक टीव्हीपुढं जात होता. टीव्हीचा तास मी पहाटेला नेला. अर्ज मी अजून दिलेला नाही, फाडलेलाही नाही.

बहीण मात्र दर पंधरवड्याला पोराला फोन करते. हिशेबाचं ती काही विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आज घर कुठं आहे रे?’ तो गावाचं नाव सांगतो, आणि ती ते पंचांगवाल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते.