सगळं नियमात असूनही स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवलेला मेल स्पॅममध्ये का जातो?

ईमेल ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. जीमेल नको असेल तर कोणीही स्वतःचा मेल सर्व्हर चालवू शकतं. परवाना लागत नाही, पोस्टफिक्ससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सर्व्हर भाड्यानं घेता येतो. खरी गोची पुढं होते. मेल निघतो, पण समोरच्याच्या इनबॉक्सऐवजी थेट स्पॅममध्ये जाऊन पडतो.

असं का होतं? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

एका सर्व्हरनं दुसऱ्याला मेल कसा द्यायचा, याची नियमावली म्हणजे एसएमटीपी. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ती लिहिली, तेव्हा नेटवर्कवर मोजक्याच संस्था होत्या. त्यामुळं पाठवणारा खरा की खोटा, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पोस्टकार्डावर पाठवणारा म्हणून कोणाचंही नाव लिहावं, तसा प्रकार. स्पॅमवाल्यांनी याचाच फायदा उचलला.

मग तपासण्या आल्या. एसपीएफ म्हणजे या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात, याची यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि या दोन्हींतून ओळख पटली नाही तर मेलचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला ५ हजारांच्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या. छोट्यांनाही पहिल्या दोनपैकी एक तरी लागतेच.

हे सगळं केलं तरी काम होईलच असं नाही. कारण यातून फक्त ओळख पटते, पत मिळत नाही. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही, त्याचा सिबिल स्कोअर तयार होत नाही आणि बँक हात आखडता घेते. इथंही तसंच आहे. दिवसाला १०-२० मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा इतिहासच इतका तुटपुंजा असतो, की फिल्टरला भरवसा ठेवायला काही सापडत नाही.

दुसरा त्रास शेजाऱ्यांचा. भाड्यानं मिळालेला आयपी पत्ता आधी एखाद्या स्पॅमवाल्यानं वापरलेला असू शकतो. स्पॅमहाउससारख्या संस्था अशा पत्त्यांच्या काळ्या याद्या ठेवतात. कधीकधी आजूबाजूच्या पत्त्यांची अख्खी रांगच बदनाम होते आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मेल नाकारला तर पाठवणाऱ्याला निदान तसा निरोप येतो, स्पॅममध्ये गेला तर काहीच कळत नाही. नोकरीचा अर्ज असो की बिलाची आठवण, पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो आणि समोरच्याला मेल आल्याचा पत्ताच नसतो.

म्हणून बरेच जण मधला मार्ग काढतात. येणारे मेल स्वतःच्या सर्व्हरवर घेतात, जाणारे मात्र पत असलेल्या रिले सेवेमार्फत पाठवतात. मेल घेणाऱ्यांच्या हातातही एक गोष्ट आहे. अधूनमधून स्पॅमचा कप्पा उघडायचा आणि ओळखीचा मेल दिसला तर ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबायचं. छोट्या सर्व्हरची पत अशा एकेका क्लिकनंच वाढते.

ईमेलचं दार आजही सगळ्यांना उघडं आहे. फक्त आत कोणाला बसवायचं आणि कोणाला ओसरीवरच थांबवायचं, हे आता मोजक्या मोठ्या कंपन्यांचे फिल्टर ठरवतात.