चौकातील सिग्नल आणि दुचाकीस्वाराची सुरक्षितता : एक विवेचन

प्रस्तावना

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आज दुचाकींचे शहर म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रातील इतर शहरांतही चित्र फारसे वेगळे नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया, फेरीवाले, घरपोच सेवा देणारे तरुण या सर्वांचे दैनंदिन जीवन दुचाकीवर अवलंबून आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या वर्षी देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. हे प्रमाण पाहता दुचाकीस्वाराची सुरक्षितता हा केवळ वाहतूक पोलिसांचा विषय राहत नाही.

लाल दिवा लागला की मोटारी, रिक्षा व बस रांगेत थांबतात आणि दुचाकीस्वार त्यांच्यामधील फटींतून वाट काढीत थांबारेषेपर्यंत पोहोचतात. या क्रियेला वाहतूकशास्त्रात ‘लेन फिल्टरिंग’ असे म्हणतात. आपल्याकडे ही क्रिया इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील धोका नेमका कोठे आहे, याचा विचार क्वचितच होतो.

उद्दिष्टे

1. थांबलेल्या वाहनांमधून वाट काढण्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
2. या क्रियेतील धोक्यांची कारणमीमांसा करणे.
3. सिग्नलवर सुरक्षित राहण्यासाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

वाट काढणे : दोष की सोय?

पाश्चात्त्य वाहतूकशास्त्राची मांडणी प्रामुख्याने लेनची शिस्त गृहीत धरून झाली. भारतीय रस्त्यांवर मात्र लहानमोठी वाहने उपलब्ध जागेनुसार एकमेकांशेजारून चालतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडो-एचसीएम’ या रस्ताक्षमताविषयक ग्रंथात भारतीय वाहतुकीच्या या मिश्र स्वरूपाचा स्वतंत्र विचार करण्यात आला आहे. दुचाकी पुढे सरकल्याने रांगेची लांबी कमी होते आणि हिरवा दिवा लागताच चौक लवकर मोकळा होतो. शिवाय रांगेच्या शेवटी थांबलेल्या दुचाकीला मागून धडक बसण्याचा धोका असतो, तोही टळतो. म्हणून वाट काढणे ही क्रिया सर्वस्वी त्याज्य ठरविता येत नाही.

परदेशांतील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने 1 जुलै 2014 पासून ताशी 30 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वाट काढण्यास परवानगी दिली. मात्र शिकाऊ चालकांना ही मुभा नाही आणि रस्त्याच्या कडेला लागून पुढे जाण्यासही मनाई आहे. अमेरिकेतील युटा राज्याने 2019 साली तशी अनुमती देताना पुढील वाहने थांबलेली असावीत आणि दुचाकीचा वेग ताशी 15 मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरपेक्षा, अधिक नसावा अशा अटी घातल्या. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांच्या नोंदी अभ्यासल्या. दुचाकीचा वेग भोवतालच्या वाहनांपेक्षा ताशी 15 मैलांहून अधिक असल्यास इजेचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. तेथील वाहतूक आपल्यापेक्षा भिन्न असल्याने हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि त्यांमागील तत्त्व सर्वत्र लागू पडते : वाहने थांबलेली असताना सावकाश पुढे जाणे ही एक गोष्ट आणि रांग चालू झाल्यावर तिच्यात घुसणे ही अगदी वेगळी गोष्ट होय.

अवजड वाहनाची डावी बाजू

सिग्नलवरील सर्वांत घातक जागा म्हणजे बस अथवा ट्रकची डावी बाजू. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे वाहनाच्या डाव्या अंगाला, विशेषतः केबिनच्या लगत, त्याला न दिसणारा मोठा पट्टा राहतो. यालाच ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात. दुचाकीस्वाराला समोर भलीमोठी बस स्पष्ट दिसत असते, म्हणून आपणही तिच्या चालकाला दिसत असू असे तो गृहीत धरतो. हा समज त्याच्या जिवावर बेतू शकतो.

यात वळणाच्या भूमितीची भर पडते. लांब वाहन वळताना त्याची मागील चाके पुढील चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने जातात. समजा, एखाद्या बसच्या पुढील व मागील आसांमध्ये 6 मीटर अंतर आहे आणि पुढील आसाचा मध्य 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात स्थिरपणे वळत आहे. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार मागील आसाच्या मध्याची त्रिज्या 144 वजा 36, म्हणजे 108 च्या वर्गमुळाएवढी, सुमारे 10.4 मीटर येते. म्हणजेच मागील चाके सुमारे 1.6 मीटर आत सरकतात. हँडलसह दुचाकीची रुंदी साधारणतः पाऊण मीटर असते. वळणाच्या आरंभी जी फट दोन दुचाकी मावतील एवढी दिसते, ती वळण पूर्ण होईपर्यंत उरतच नाही.

त्यातच डावीकडे वळण्यापूर्वी लांब वाहनाचा चालक जागा मिळावी म्हणून पुष्कळदा वाहन किंचित उजवीकडे घेतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वाटते, बसने आपल्याला वाट दिली. वस्तुतः ती त्याच वाटेवर वळणार असते.

पिवळा दिवा आणि वेगाचे गणित

पिवळा दिवा दिसल्यानंतर ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला 4.9 मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो, असे धरू. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीला थांबण्यास सुमारे 40 मीटर लागतात. पिवळा दिवा 3 सेकंदांचा असल्यास तेवढ्या वेळात ती सुमारे 42 मीटर जाते. त्यामुळे थांबणे किंवा लाल दिव्यापूर्वी रेषा ओलांडणे, यांपैकी एक पर्याय तिला उपलब्ध असतो. वेग ताशी 70 किलोमीटर असेल तर थांबण्यास सुमारे 68 मीटर लागतात आणि 3 सेकंदांत मात्र 58 मीटरच अंतर कापले जाते. रेषेपासून 58 ते 68 मीटरांच्या दरम्यान असलेल्या स्वाराला थांबताही येत नाही आणि वेळेत पुढेही जाता येत नाही. हा पेच सिग्नलने निर्माण केलेला नसतो. तो वेगाने निर्माण केलेला असतो. ओल्या रस्त्यावर तो अधिकच गंभीर होतो.

याच क्षणी आडव्या रस्त्यावरील परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते. तेथे लाल दिव्यावरील उलटे आकडे शून्यावर येण्यापूर्वीच अनेक दुचाकीस्वार क्लच सोडतात. एका बाजूला शेवटचा सेकंद साधण्याची घाई आणि दुसऱ्या बाजूला पहिला सेकंद मिळविण्याची घाई, अशा दोन घाया चौकाच्या मध्यभागी एकमेकींना भेटतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. परंतु घाईतून वाचलेले दोन-तीन सेकंद पुढच्या सिग्नलवर बहुधा पुन्हा खर्ची पडतात, हे ध्यानी घेतले तर शिक्षेच्या भीतीची गरजही उरू नये.

उपाययोजना

वरील विवेचनावरून दुचाकीस्वारांसाठी पुढील दक्षता सुचविता येतील.

1. वाहने पूर्ण थांबलेली असतानाच, चालण्याच्या वेगाच्या थोड्याच पुढे, वाट काढावी. हिरवा दिवा लागण्याची वेळ जवळ आली असल्यास किंवा रांग हलू लागल्यास आहे त्या ठिकाणी रांगेत सामील व्हावे.
2. बस, ट्रक वा डंपर यांच्या डाव्या बाजूने जाऊ नये आणि त्यांच्या अगदी पुढ्यातही थांबू नये. उंच केबिनमधील चालकाला समोरची जवळची दुचाकीही दिसत नाही.
3. थांबलेल्या मोटारी व रिक्षांतून प्रवासी अचानक उतरतात, तर वाहनांच्या आडून पादचारी रस्ता ओलांडतात. म्हणून दोन्ही ब्रेकवर बोटे तयार ठेवावीत.
4. थांबारेषेच्या मागेच थांबावे. झेब्रा पट्टे पादचाऱ्यांचे आहेत. शिवाय पावसात रंगवलेला पृष्ठभाग निसरडा होतो.
5. रांगेच्या शेवटी थांबल्यास मागील वाहन थांबेपर्यंत पहिला गिअर टाकून ठेवावा व आरशात पाहत राहावे.
6. हिरवा दिवा लागताच प्रथम उजवीकडे, मग डावीकडे पाहून निघावे. आपण डावीकडून वाहने चालवितो, त्यामुळे आडव्या रस्त्यावरील पहिले वाहन सामान्यतः उजवीकडून येते.
7. चालक व सहप्रवासी या दोघांनीही हेल्मेटचा पट्टा बांधावा.

तथापि सर्व जबाबदारी स्वारावर टाकणे न्याय्य होणार नाही. तैवानमध्ये अनेक चौकांत मोटारींच्या थांबारेषेपुढे दुचाकींसाठी स्वतंत्र चौकट आखलेली असते, त्यामुळे त्या चालकांच्या नजरेसमोर राहतात. आपल्याकडेही रुंद चौकांत अशा चौकटीचा विचार करता येईल. मात्र तेथपर्यंत जाण्याची वाट बसच्या डावीकडून जाणार नाही, अशी आखणी आवश्यक आहे.

निष्कर्ष

1. थांबलेल्या रांगेतून सावकाश वाट काढणे आणि चालत्या रांगेत घुसणे या भिन्न क्रिया असून दुसरी अधिक घातक आहे.
2. वळणाऱ्या अवजड वाहनाच्या डावीकडील फट फसवी असते. ती वळणाबरोबर आक्रसते.
3. सिग्नल बदलतानाचे मोजके सेकंद हे चौकातील सर्वाधिक जोखमीचे सेकंद होत.

समारोप

दुचाकीस्वाराभोवती लोखंडी कवच नसते. दिसणे, अंतर राखणे आणि थोडा वेळ हाताशी ठेवणे हेच त्याचे कवच होय. म्हणून फट दिसली की ‘मी येथे मावेन का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘मी चालकाला दिसतो आहे का, आणि ही फट मी बाहेर पडेपर्यंत टिकेल का?’ असे विचारावे लागते. याचे निःसंदिग्ध होकारार्थी उत्तर मिळत नसेल तर तेथेच थांबावे. महाविद्यालयाच्या वाहनतळावर दररोज शेकडो दुचाकी उभ्या राहतात. त्या प्रत्येकीचा स्वार संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचावा, यासाठी या एका प्रश्नाची सवय अभ्यासक्रमाइतक्याच गांभीर्याने लावणे गरजेचे आहे.