हिरड्याच्या पाण्यात जुना सदरा

पांढरा सुती सदरा पिवळट पडला की आपण त्याचं फडकं करतो. त्याआधी तो बांधून रंगवून पाहा. कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळलं की पुढे हिरडस मावळाचे डोंगर लागतात. तिथला हिरडा हेच आपलं मुख्य साहित्य.

सुताचा धागा म्हणजे सेल्युलोज. बहुतेक वनस्पतिजन्य रंग त्यावर टिकत नाहीत, धुतले की उतरतात. हिरड्यातलं टॅनिन मात्र धाग्याला चिकटतं आणि धातूलाही धरून ठेवतं. लोहाशी त्याचा संयोग झाला की काळसर राखाडी रंग तयार होतो, तोही थेट धाग्यावरच.

सदरा साबणाने धुऊन खळ काढा. हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात तो तासभर भिजवा, पिळा आणि न धुता सावलीत वाळवा. मग कापडात हरभऱ्याचे दाणे धरून दोऱ्याने करकचून बांधा. गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवून केलेलं पाणी भरपूर पातळ करा आणि त्यात सदरा काही मिनिटं बुडवा. कापड डोळ्यांदेखत काळवंडतं. स्वच्छ खळबळून दोरे सोडले की बांधलेल्या जागी फिकट पिवळी वर्तुळं उमटतात, कारण तिथवर लोह पोहोचलेलंच नसतं.

लोह जास्त झालं तर धागा कमजोर होतो, म्हणून हात आखडता ठेवा. टेरिलीनवर हा रंग चढत नाही. हातमोजे घाला आणि रंगाचं भांडं स्वयंपाकाला वापरू नका.