ऊन, वाफ आणि हिरवा चहा

ग्रीन टी म्हणजे वजन उतरवण्यासाठी नाक दाबून प्यायचं कडू पाणी, अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत आहे. तिला मोठा हातभार लावतं ते उकळतं पाणी. आपला दुधाचा चहा आधणातच खुलतो; सेंचासारख्या जपानी चहाला आधण सोसत नाही.

झुडूप दोन्हीकडे एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. आसामात त्याची मोठ्या पानांची जात, जपानात लहान पानांची. पण चव पालटते ती मुख्यतः पान खुडल्यानंतर. काळ्या चहासाठी पान चुरडून हवेवर ठेवतात, आणि पानातल्याच विकरांमुळे ते तांबूस होतं. जपानात ताजं पान लगेच वाफवतात. विकरं निकामी होतात आणि हिरवेपणा टिकतो. चीनमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत होतं, म्हणून तिथल्या हिरव्या चहाला भाजका वास येतो, तर जपानी चहाला कोवळ्या गवताचा.

वाफवून, वळून, सुकवून होतो तो सेंचा. ही रीत 1738 साली क्योतोजवळच्या उजितावारा इथल्या नागातानी सोएन यांनी बसवली, असं मानलं जातं. आजही जपानात सर्वांत जास्त होतो तो सेंचाच. शिझुओकाच्या माकिनोहारा पठाराकडे तोच मिनिटभर किंवा अधिक वाफवतात. पान मोडतं, चहा गढूळ हिरवा उतरतो आणि तुरटपणा घटतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सावलीची युक्ती. चहाच्या मुळांत थिआनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होऊन पानात चढतं. उन्हात त्यापासून कॅटेचिन बनतात, आणि तुरटपणा त्यांचाच. मग खुडणीपूर्वी सुमारे 20 दिवस मळा झाकला तर? थिआनिन पानातच राहतं, हरितद्रव्य वाढतं, तुरटपणा मागे सरतो. ग्योकुरो हा असा सावलीतला चहा. 50 ते 60 अंशांच्या थोड्याशा पाण्यात तो उतरवला की घोटभरच मिळतो, पण दाट. जिभेला चहापेक्षा भाज्यांच्या कढणाची आठवण व्हावी असा. ही चव म्हणजे उमामी. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळात तिचं मूळ शोधलं. पुढे 1950च्या सुमारास थिआनिन वेगळं केलं गेलं ते ग्योकुरोच्या पानांतूनच.

माचाची पानंही सावलीतलीच, पण ती वळत नाहीत. सुकवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यात दळतात. एका जात्यातून तासाला साधारण 40 ग्रॅमच पूड पडते. इथे पान गाळून टाकलं जात नाही, सबंध पोटात जातं. एवढ्या निगुतीने केलेली उत्तम माचा आइसक्रीममध्ये आणि साखरेच्या दुधात बुडवावी, हे मला पटत नाही. त्यासाठी साधी पूड पुरते.

घरगुती चहा वेगळे. उशिराच्या खुडणीतल्या जून पानांचा बांचा, तो भाजला की तपकिरी होजिचा. त्यात कॅफीन कमी, म्हणून तो रात्रीही पितात. आणि याला मात्र उकळतं पाणी चालतं. गेनमाइचात भाजलेला तांदूळ असतो, त्यातल्या काही दाण्यांच्या लाह्या फुटलेल्या. तो मराठी जिभेला चटकन आवडावा.

औषध म्हणून पिणाऱ्यांसाठी: कॅटेचिन ग्योकुरोपेक्षा उन्हातल्या सेंचात जास्त, कॅफीन मात्र ग्योकुरोत अधिक. वजनावर चहाचा परिणाम फार तर किरकोळ. उलट डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला तो अडथळा आणतो. शाकाहारी घरांत, विशेषतः अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी, तो जेवणाबरोबर घेऊ नये.

सेंचासाठी पाणी उकळून 70-80 अंशांपर्यंत निवू द्यावं, मिनिटभर पान भिजवून शेवटच्या थेंबापर्यंत ओतावं. पान टाकू नये. दुसरं पाणी थोडं गरम घ्यावं आणि लगेच ओतावं; त्यात तुरटपणा पुढे येतो. ग्योकुरोची भिजलेली कोवळी पानं तर जपानी लोक वर सोया सॉसचे दोन थेंब घालून खातात.