बर्फावरचं मौन

जानेवारी २०२०. फ्रान्सची माजी स्केटर सारा अबितबोलने पुस्तकातून जाहीर आरोप केला : किशोरवयात प्रशिक्षकाने तिच्यावर अत्याचार केले होते. तोवर जवळपास ३० वर्षं उलटली होती. क्रीडामंत्र्यांनी तिथल्या स्केटिंग फेडरेशनचे अध्यक्ष दिदिए गायागे यांचा राजीनामा मागितला. थोडी खळखळ करून फेब्रुवारीत त्यांनी तो दिला. त्याच वर्षीच्या सरकारी चौकशीत २० हून अधिक प्रशिक्षकांची नावं आली. एखाद-दुसरा नासका आंबा, हा बचाव तिथेच संपला.

अमेरिकेत २०१७ पासून ‘सेफस्पोर्ट’ ही स्वतंत्र संस्था खेळातल्या अत्याचाराच्या तक्रारी हाताळते. तिचे नियम बारीकसारीक वाटतात, पण नेमके तेच कामाचे आहेत. प्रशिक्षकाने अल्पवयीन खेळाडूला एकट्याला मेसेज पाठवायचा नाही, पालकांना त्यात घ्यायचं. एकास एक सराव घ्यायचा तर दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात.

आंतरराष्ट्रीय स्केटिंगमध्ये वयाची अट वाढायला मात्र २०२२ उजाडलं. बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांची रशियन स्केटर कामिला वालिएव्हा हिची डोपिंगच्या वादात झालेली फरफट जगाने पाहिली, त्यानंतर वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर नेण्याचं ठरलं.

आपल्याकडे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइन : १०९८.