फुकटचं वायफाय आणि बँकेचं कुलूप

जिंतूरच्या बसस्थानकावर परभणीची गाडी रखडली की माणसं मोबाइल काढतात. डेटा संपलेला, यादीत बिनपासवर्डचं वायफाय दिसतं. त्यावरून बँकेचे पैसे पाठवावेत का?

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. त्या चहूकडे पसरतात, शेजारच्या बाकावरचा लॅपटॉपही त्या टिपू शकतो. पण टिपलेलं वाचता येतंच असं नाही. बँक तुमच्या फोनला जणू उघडं कुलूप पाठवते. फोन मजकूर पेटीत घालून ते दाबतो, किल्ली फक्त बँकेकडे. कुलूप खऱ्या बँकेचंच आहे ना, हे फोन त्या कुलपासोबत आलेल्या डिजिटल प्रमाणपत्रावरून पडताळतो. त्यामुळे बँकेच्या अधिकृत ॲपवरचा व्यवहार लोक घाबरतात तितका उघडा नसतो.

खरी मेख वेगळीच आहे. वायफायला कुणीही काहीही नाव देऊ शकतं, अगदी रेल्वेचं किंवा बँकेचंसुद्धा. असं जाळं तुम्हाला हुबेहूब बनावट पानावर नेऊ शकतं. त्या पानाच्या पत्त्याशेजारीही कुलपाचं चिन्ह दिसू शकतं, फक्त किल्ली चोराकडे असते! म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचा आणि प्रमाणपत्राचा इशारा आला तर तिथेच थांबा. शक्यतो पैशांसाठी स्वतःचा मोबाइल डेटाच वापरा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.