मूलपेशी : संवर्धनाचे शास्त्र आणि विभेदनाची शिस्त

मानवी शरीरात दोनशेहून अधिक प्रकारच्या पेशी आहेत. हृदयातील पेशी आकुंचन पावतात, स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी इन्सुलिन स्रवतात, मेंदूतील चेतापेशी संदेश वाहून नेतात. या सर्व पेशींचा उगम एकाच फलित अंडपेशीत असतो. एका पेशीपासून इतके वैविध्य कसे निर्माण होते, हा जीवशास्त्रातील जुना प्रश्न होय. गेल्या चार दशकांत या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही प्राप्त झाली आहे. ज्या पेशींमध्ये शरीरातील कोणतीही पेशी बनण्याची क्षमता आहे, त्या भ्रूणीय मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविणे आणि त्यांना हव्या त्या दिशेने वळविणे आता शक्य झाले आहे.

‘मूलपेशी’ हा शब्द आज वर्तमानपत्रांतील जाहिरातींतूनही वाचावयास मिळतो. असाध्य समजल्या जाणाऱ्या आजारांवर मूलपेशींचे इंजेक्शन हा हमखास इलाज असल्याची आश्वासने दिली जातात. त्यांपायी कुटुंबे कर्जबाजारीही होऊ शकतात. अशा वेळी गावातील माणूस सल्ल्यासाठी प्रथम शिक्षकाकडे, ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे अथवा शासकीय कर्मचाऱ्याकडे येतो. त्यास योग्य सल्ला देता यावा, यासाठी प्रयोगशाळेत या पेशींवर नेमके कोणते संस्कार केले जातात याची माहिती असणे अगत्याचे आहे.

उगम

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी मानवी भ्रूण एखाद्या पोकळ चेंडूसारखा दिसतो. या अवस्थेला ‘ब्लास्टोसिस्ट’ असे म्हणतात. चेंडूच्या बाहेरील आवरणापासून पुढे वार तयार होते. आतील बाजूस चिकटलेल्या लहानशा पेशीसमूहापासून संपूर्ण शरीर घडते. हा आतील समूह अलग करून वाढविला असता ज्या पेशी मिळतात, त्या भ्रूणीय मूलपेशी होत.

सन १९८१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच अमेरिकेत गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या भ्रूणापासून अशा पेशी मिळविल्या. मानवी पेशींपर्यंत पोहोचावयास आणखी सतरा वर्षे लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये चौदा भ्रूणांतील अंतर्पेशी-समूह अलग केले व त्यांपासून पाच पेशीवाण तयार केले. वंध्यत्वावरील उपचारासाठी शरीराबाहेर फलन करून निर्माण केलेले हे भ्रूण दांपत्यांनी संमतिपूर्वक संशोधनासाठी दिले होते. त्या पाचांपैकी काही वाण जगभरातील प्रयोगशाळांतून आजही वाढविले जात आहेत.

संवर्धन : न बदलू देण्याची कला

मूलपेशींना विभेदित होण्यास, म्हणजे विशिष्ट प्रकारची पेशी बनण्यास, भाग पाडावे लागते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. या पेशींची स्वाभाविक ओढ बदलण्याकडेच असते. भ्रूणात त्या मूलस्थितीत अवघे काही दिवस राहतात. प्रयोगशाळेत त्यांना वर्षानुवर्षे त्याच स्थितीत रोखून धरावयाचे असते, आणि संवर्धनातील खरी कसोटी हीच आहे.

पेशी वाढविण्यासाठी ३७ अंश सेल्सिअस तापमान, भरपूर आर्द्रता आणि सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका बंद यंत्रात राखली जाते. प्रारंभीच्या पद्धतीत बशीच्या तळाशी उंदराच्या भ्रूणातील आधारपेशींचा थर पसरीत असत. किरणोत्साराने अथवा रसायनाने या आधारपेशींचे विभाजन आधीच थांबविलेले असे, परंतु त्या जिवंत राहून मूलपेशींना आवश्यक ती द्रव्ये पुरवीत. पुढे आधारपेशींऐवजी विशिष्ट प्रथिनांचा लेप असलेल्या बशा वापरात आल्या. प्राणिज पेशींचा संसर्ग मानवी उपचारासाठी तयार केलेल्या पेशींत येऊ नये, हे या बदलामागील एक महत्त्वाचे कारण होते.

पोषक माध्यमात शर्करा, अमिनो आम्ले, क्षार व जीवनसत्त्वे यांच्या जोडीला काही संदेशवाहक प्रथिने घालावी लागतात. उंदराच्या मूलपेशींना मूलस्थितीत ठेवणारे प्रथिन मानवी पेशींना पुरेसे पडत नाही. मानवी पेशींसाठी तंतुपेशी-वर्धक प्रथिन आणि ॲक्टिव्हिन किंवा त्याच वर्गातील दुसरे प्रथिन यांची आवश्यकता असते. माध्यम सामान्यतः रोजच्या रोज बदलले जाते.

मूलपेशी एकमेकींना बिलगून गोलसर वसाहती करतात. वसाहत फार मोठी झाली की तिच्यातील पेशी आपोआप बदलू लागतात. म्हणून दर चार ते सात दिवसांनी वसाहतींचे लहान तुकडे करून ते नव्या बशीत लावावे लागतात. रोपवाटिकेत दाट झालेली रोपे वेळीच विरळ करावीत, तसाच हा प्रकार आहे. मात्र मानवी मूलपेशी एकेक करून सुट्या केल्यास बहुतेक मरतात. ही अडचण २००७ मध्ये जपानी संशोधकांनी पेशींतील एका विशिष्ट विकराला रोखणारे द्रव्य वापरून बऱ्याच अंशी दूर केली.

शिल्लक पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठविल्या जातात. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या ज्या प्रकारच्या पात्रांत ठेवल्या जातात, ती पात्रे ग्रामीण भागातील वाचकांना परिचित आहेत. साठवणुकीचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

तपासणी

बशीत पेशी वाढत आहेत, एवढ्याने काम भागत नाही. दीर्घकाळ वाढविलेल्या पेशींच्या गुणसूत्रांत बदल होऊ शकतात. बारावे, सतरावे किंवा विसावे गुणसूत्र अथवा त्याचा काही भाग जादा झालेल्या पेशी इतरांपेक्षा वेगाने वाढतात आणि हळूहळू सगळी बशी व्यापतात. वरवर पाहता असे संवर्धन जोमदार दिसते, परंतु उपचारासाठी तेच धोकादायक असते. यास्तव ठरावीक काळाने गुणसूत्रांची तपासणी करतात. जंतुसंसर्ग नाही याचीही खात्री करून घेतात. पेशी मूलस्थितीत आहेत की नाहीत, हे ‘ऑक्ट-४’ व ‘नॅनॉग’ या प्रथिनांच्या अस्तित्वावरून ओळखले जाते.

आणखी एक कसोटी उद्बोधक आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या शरीरात या पेशी टोचल्या असता तेथे एक गाठ तयार होते. तिच्यात त्वचा, कूर्चा, आतड्याचे अस्तर अशा नाना ऊतींचे अव्यवस्थित मिश्रण आढळते. पेशींची बहुक्षमता त्यावरून सिद्ध होते. त्याचबरोबर मूलस्थितीतील पेशी जशाच्या तशा शरीरात सोडल्यास काय घडू शकते, हेही त्यावरून कळते.

विभेदन : क्रमाने दिलेले संकेत

भ्रूणाच्या वाढीत प्रथम तीन स्तर तयार होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मज्जासंस्था, मध्यस्तरापासून हृदय, रक्त, स्नायू व अस्थी, तर अंतःस्तरापासून यकृत, स्वादुपिंड व फुप्फुसांचे अस्तर निर्माण होते. प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या पेशींकडून रासायनिक संकेत मिळतात. हेच संकेत त्याच क्रमाने बशीतील पेशींना देणे, हे विभेदनाचे मूलतत्त्व होय.

मूलस्थिती टिकविणारी द्रव्ये काढून घेतली आणि पेशींना तरंगत वाढू दिले, तर त्यांचे गोळे बनतात व त्यांत तिन्ही स्तरांच्या पेशी आपोआप उमटतात. इस्रायलमधील हैफा येथील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मानवी मूलपेशींच्या अशा गोळ्यांतून आपोआप स्पंदन पावणाऱ्या हृदयपेशी मिळविल्या. तथापि या मार्गाने मिळणारे पीक मिश्र असते. उपचारासाठी एकाच जातीच्या पेशी हव्या असतात, म्हणून टप्प्याटप्प्याने संकेत देण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

संकेत कोणता हे जसे महत्त्वाचे, तसेच तो किती व केव्हा दिला हेही महत्त्वाचे असते. वर उल्लेखिलेले ॲक्टिव्हिन अल्प प्रमाणात असताना मानवी पेशींना मूलस्थितीत राखण्यास साहाय्य करते. तेच अधिक प्रमाणात दिले असता पेशी अंतःस्तराकडे वळतात, असे २००५ मध्ये दाखविण्यात आले. इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींकडे जाणाऱ्या वाटेवरील हे पहिले पाऊल होते. हार्वर्ड विद्यापीठातील डग्लस मेल्टन यांच्या गटाने २०१४ मध्ये सहा टप्प्यांची व चार ते पाच आठवड्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे रक्तातील साखरेच्या प्रमाणानुसार इन्सुलिन स्रवणाऱ्या कोट्यवधी पेशी मिळू लागल्या.

कंपवाताच्या रोगात मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. त्या पेशी घडविताना प्रथम इतर दिशांचे संकेत रोखून मूलपेशींना मज्जासंस्थेकडे वळवितात. त्यानंतर आणखी दोन संकेतांनी त्यांना मध्यमेंदूचे स्थान दाखविले जाते. यांतील एका संकेताची मात्रा वाढली तर पेशी मध्यमेंदूऐवजी पश्चमेंदूच्या बनतात. मात्रेतील लहानशा फरकाने पेशींचे भवितव्य बदलते, ते असे.

आजवरचे फलित

एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमेरिका व कॅनडातील बारा कंपवातग्रस्तांच्या मेंदूत भ्रूणीय मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशींचे रोपण करण्यात आले होते. अठरा महिन्यांच्या निरीक्षणात रोपित पेशी टिकून राहिल्याचे दिसले व पेशींमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही. ही चाचणी प्रामुख्याने सुरक्षितता पाहण्यासाठी होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या बारा रुग्णांना बहुक्षम मूलपेशींपासून घडविलेल्या स्वादुपिंड-पेशींची पूर्ण मात्रा देण्यात आली. वर्षअखेरीस त्यांपैकी दहा जणांना इन्सुलिन टोचून घेण्याची गरज उरली नव्हती. मात्र परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून या रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात आणि अशा औषधांनी संसर्गाचा धोका वाढतो.

हे यश आशादायक आहे, परंतु रुग्णसंख्या अत्यल्प आहे. १९९८ पासून येथवर पोहोचावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला, हेही ध्यानात घ्यावयास हवे. दरम्यान जपानमधील क्योतो येथील शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा बहुक्षम बनविण्याची पद्धत शोधून काढली. २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवी पेशींवर ती यशस्वी झाली. या कार्यासाठी त्यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत भ्रूणाची गरज भासत नाही. संवर्धनाचे व विभेदनाचे नियम मात्र बहुतांशी तेच राहतात.

भारतातील कार्य आणि नियम

मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ हे मानवी भ्रूणीय मूलपेशींचे दोन वाण तयार करण्यात आले. त्यांसाठी उंदराच्या नव्हे, तर संस्थेतच तयार केलेल्या मानवी आधारपेशी वापरल्या गेल्या. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही दोन वाण तयार झाले. उपचारासाठी अयोग्य ठरलेल्या, टाकून द्यावयाच्या भ्रूणांपासून ते मिळविण्यात आले. या दोन्ही कार्यांचे वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संशोधनासाठी लागणाऱ्या पेशीवाणांचे राष्ट्रीय भांडार आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढविण्यास मनाई आहे. भ्रूण संशोधनासाठी देणाऱ्यांची लेखी व माहितीपूर्ण संमती आणि संस्थेतील विशेष समितीची मान्यता बंधनकारक आहे.

सर्वसामान्यांच्या दृष्टीने याच तत्त्वांतील आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. रक्ताचे काही कर्करोग, थॅलॅसेमिया यांसारख्या रक्तविकारांत रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे रोपण, म्हणजेच अस्थिमज्जा रोपणासारखे उपचार, मान्यताप्राप्त आहेत. या मूलपेशी भ्रूणीय नव्हेत. याव्यतिरिक्त अन्य आजारांवर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. अशा चाचणीची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणी-यादीत असावी लागते आणि ही यादी कोणालाही पाहता येते.

म्हणून कोणी मूलपेशी-उपचाराविषयी विचारणा केल्यास त्यास काही साधे प्रश्न विचारण्यास सांगावे. आजार कोणता आणि त्यासाठी हा उपचार मान्यताप्राप्त आहे काय? नसल्यास चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता? पेशी कोठून आणल्या, कोठे वाढविल्या आणि कोणत्या तपासण्या केल्या? प्रयोगाच्या खर्चापोटी रुग्णाकडे रक्कम मागितली जात आहे काय? या प्रश्नांची स्पष्ट व लेखी उत्तरे मिळत नसतील, तर तेथे पैसा आणि प्रकृती या दोहोंनाही धोका आहे असे समजावे, आणि जिल्हा रुग्णालयातील अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मूलपेशींचे सामर्थ्य त्यांच्या बदलण्याच्या क्षमतेत आहे आणि त्यांचा धोकाही त्याच क्षमतेत आहे. प्रयोगशाळेतील रोजची निगा, काटेकोर मात्रा आणि वारंवार केलेली तपासणी यांनीच या सामर्थ्याचे उपचारात रूपांतर होते. ही शिस्त जेथे दाखविता येत नाही, तेथील आश्वासनांना विज्ञानाचा आधार नाही, एवढी जाण गावोगाव पोहोचणे आवश्यक आहे.